मोझार्टचं अखेरचं ‘रेक्वियेम’ सालिएरीने उतरवून घेतलं का?

मरणपंथाला लागलेला संगीतकार मोझार्ट ‘रेक्वियेम’चा, म्हणजे मृतांसाठीच्या प्रार्थना-संगीताचा, एकेक सूर सांगतोय आणि त्याचा मत्सर करणारा संगीतकार सालिएरी ते लिहून घेतोय. १९८४च्या एका चित्रपटामुळे हे दृश्य अनेकांना इतिहासच वाटतं. दृश्य जबरदस्त आहे, पण घडलेलं नाही.

५ डिसेंबर १७९१ला मोझार्ट गेला, तेव्हा त्यातल्या ‘लाक्रिमोसा’ या भागाचे जेमतेम आठ बार (तालाची आवर्तनं) लिहून झाले होते. या रचनेसाठी आगाऊ मिळालेले पैसे परत करणं पत्नी कॉन्स्टान्झला परवडणारं नव्हतं. तिने ती पूर्ण करायचं काम आधी आयब्लर या संगीतकाराकडे दिलं. त्याने काही भागांचं वाद्ययोजन (कोणतं वाद्य काय वाजवेल ते) करून ते सोडलं. मग ते आलं फ्रान्झ झ्यूसमायरकडे. मोझार्ट पत्रांतून ज्याची यथेच्छ टिंगल करायचा, तोच हा तरुण शिष्य! ‘सांक्टुस’, ‘बेनेडिक्टुस’ आणि ‘आग्नुस देई’ हे भाग आपण नव्याने रचल्याचं त्याने १८००मध्ये प्रकाशकाला कळवलं. त्यात गुरूच्या कल्पना किती, यावर अभ्यासक अजून भांडतात.

अक्षर मात्र त्याने गुरूसारखंच गिरवलं होतं. हस्तलिखितावर मोझार्टची सहीसुद्धा ठोकली आणि खाली साल घातलं १७९२! आणि सालिएरी? त्याच्याकडे झ्यूसमायर नंतर शिकायला गेला, एवढाच त्याचा संबंध.