कापसाची खोली आणि अंड्यांचे ट्रे

हिंगणघाटच्या अलीकडे मावशीचं गाव आहे. तिथल्या भजनी मंडळात माझा पुतण्या गातो, खंजिरीही वाजवतो. पोळ्याला गेलो तेव्हा त्याने मोठ्या हौसेने नवी खोली दाखवली. स्लॅबचं घर, दहा बाय बाराची खोली, खाली टाइल्स, पुट्टी मारून गुळगुळीत केलेल्या भिंती, आणि त्यांवर छातीपर्यंत चिकटवलेले अंड्यांचे ट्रे. पोल्ट्रीवाल्याकडून दीडशे ट्रे मागून आणले होते. शिवाय सहा हजारांचा कंडेन्सर माईक.

"काका, एवढं केलं तरी आवाज हंड्यात तोंड घालून गायल्यावानी येते. आता अजून कोनता माईक घेऊ?"

कोणताच नको, असं मी म्हटल्यावर तो जरा नाराज झाला. अंड्यांचे ट्रे लावले की बाहेरचा आवाज अडतो आणि आतला घुमत नाही, ही समजूत इंटरनेटवर इतकी रुजली आहे, की घरी गाणं रेकॉर्ड करू पाहणारा प्रत्येक जण आधी पोल्ट्री गाठतो. बाहेरचा आवाज अडवायचा तर भिंतीला वजन लागतं; ट्रेला वजन कुठलं? आतला आवाज शोषायचा तर जाडी आणि तंतू लागतात. पातळ, कडक पुठ्ठ्याकडे दोन्ही नाही. तो वरच्या पट्टीतला थोडासा आवाज खातो, बाकी सगळा जसाच्या तसा परत पाठवतो. शिवाय चटकन पेट घेतो.

खोलीच्या घुमण्याचं गणित मांडलं गेलं ते एका फजितीमुळे. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठातल्या फॉग कलासंग्रहालयाचं व्याख्यानगृह १८९५ मध्ये नवंकोरं होतं, पण आत बोललेलं कुणाला कळेना. वॉलेस सबाइन या तरुण प्राध्यापकाकडे ते काम आलं. त्याने शेजारच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणायच्या, ऑर्गनची नळी वाजवायची, ती थांबल्यावर घुमणं विरायला किती वेळ लागतो ते मोजायचं, आणि सकाळ व्हायच्या आत गाद्या परत नेऊन ठेवायच्या, असा सपाटा लावला. त्यातून सूत्र निघालं: खोलीचं घनफळ घनमीटरमध्ये घ्या, त्याला ०.१६१ ने गुणा आणि खोलीच्या एकूण शोषणाने (पृष्ठभागाचे चौरस मीटर गुणिले तो आवाजाचा जेवढा हिस्सा शोषतो तो) भागा. आवाजाची ऊर्जा दशलक्षांश व्हायला लागणारे सेकंद मिळतात.

पुतण्याची खोली सुमारे ३४ घनमीटरची. भिंती, छत आणि फरशी मिळून ६३ चौरस मीटर पृष्ठभाग. प्लास्टर आणि टाइल्स आवाजाचा जेमतेम दोन-तीन टक्के भाग शोषतात, म्हणजे एकूण शोषण १.९ धरू. उत्तर येतं जवळपास तीन सेकंद. एक ओळ संपून दुसरी सुरू झाली तरी पहिली हवेत लोंबकळतेच आहे! आता सहा बाय तीनच्या सहा गाद्या, म्हणजे सुमारे दहा चौरस मीटर कापूस, आत आणा. ढोबळमानाने ७० टक्के शोषण धरलं तर तोच आकडा ०.६२ सेकंदाच्या आसपास येतो. माईक तोच, गळा तोच.

कापूस हे करतो कसं? इथे मला थांबवत नाही. ध्वनी म्हणजे हवेचं पुढे-मागे हलणं. कुठल्याही घन पृष्ठभागाला अगदी लागून असलेली हवा हलत नाही, चिकटल्यासारखी राहते. तिच्या पलीकडची हवा हलते, आणि मधल्या थरांचं एकमेकांवर घर्षण होतं. हजार हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला हजार कंपनांच्या, ध्वनीला हा घर्षणाचा थर सुमारे ०.०७ मिलिमीटर जाड असतो. भिंतीला असा थर एकच. कापसाचा तंतू मात्र ०.०२ मिलिमीटर किंवा त्याहूनही बारीक, आणि पिंजलेल्या कापसात तंतू इतके जवळजवळ, की आतली जवळपास सगळी हवा घर्षणाच्या तावडीत सापडते. ध्वनीची ऊर्जा उष्णता होते. खोली गरम होईल इतकी नाही, घाबरू नका. आपल्याकडच्या मे महिन्याला ती मदत लागत नाही. कापूस दाबून गाठ बांधली की मात्र हवा आतच शिरत नाही, आणि रुईची गाठ भिंतीसारखीच वागते.

दुसरी गंमत जागेची. दोराचं टोक खुंट्याला बांधून झटका द्या: खुंट्यापाशी दोर हलत नाही, थोडं अलीकडे सगळ्यात जास्त हलतो. भिंत हा हवेचा खुंटा. हवा सगळ्यात जास्त हलते ती भिंतीपासून पाव तरंगलांबीवर. हजार हर्ट्झला हे अंतर साडेआठ सेंटिमीटर. म्हणून गोधडी भिंतीला चिकटवण्यापेक्षा वीतभर पुढे टांगलेली बरी, ती वरून खाली साधारण सव्वाचारशे हर्ट्झपर्यंत नीट काम करते. ढोलकाच्या शंभर हर्ट्झच्या घुमाऱ्याला मात्र ८६ सेंटिमीटर लागतात. एवढं पुढे कोण टांगणार?

माईक ईशान्य कोपऱ्यात ठेवा म्हणजे सूर शुद्ध येतो, असं त्याला वास्तुवाल्या कुणीतरी सांगितलं होतं. कोपरा ईशान्येचा असो की नैऋत्येचा, तिथे खोलीतल्या सगळ्या खर्जाचा दाब गोळा होतो. गाणारा आणि माईक दोन्ही कोपऱ्यापासून लांबच ठेवावेत.

उपकरणांचं थोडक्यात सांगतो. कंडेन्सरला ४८ व्होल्ट लागतात आणि तो सगळं ऐकतो: कूलर, खोलीचं घुमणं, गल्लीतलं कुत्रं. उघड्या भिंतींच्या खोलीत साधा डायनॅमिक माईक चार बोटांवर धरून गावं. अंतर निम्मं केलं की थेट आवाज सहा डेसिबलने वाढतो, घुमणं मात्र तेवढंच राहतं. दोन माईकचा ऑडिओ इंटरफेस (माईक लॅपटॉपला जोडणारा डबा), कान पूर्ण झाकणारा हेडफोन, आणि सॉफ्टवेअर म्हणून फुकटातलं ऑडॅसिटी पुरे. पुढे अनेक ट्रॅक जुळवायचे झाले तर रीपर साठ दिवस वापरून बघावं. रेकॉर्डिंगचं सेटिंग ४८ किलोहर्ट्झ (सेकंदाला ४८ हजार नमुने) आणि २४ बिट ठेवा. १९२ चा आकडा खोक्यावर शोभतो, पण ४८ मध्येच २४ हजार हर्ट्झपर्यंतचं सगळं मावतं आणि माणसाचा कान वीस हजारांवर थांबतो. खंजिरीची थाप अचानक उसळते, म्हणून आवाजाची पातळी दाखवणारी पट्टी लाल रंगाच्या बरीच खाली राहू द्या. कूलर बंद, लॅपटॉप बॅटरीवर. वायरिंगची घरघर बहुतेक वेळा तेवढ्याने जाते.

संक्रांतीला परत गेलो तेव्हा ट्रे उतरले होते. भाव वाढेल म्हणून भावाने कापूस विकला नव्हता. मागच्या खोलीत तीन बाजूंनी छातीएवढे ढीग लागले होते. पोरगा मधल्या मोकळ्या जागेत, खाजवत खाजवत, पण मजेत गात होता. बल्ब आणि उदबत्ती आत नेऊ नको, एवढंच बजावलं. हेडफोन लावला तर ढोलकाची थाप पडून जागेवर थांबत होती. जे टांगता आलं नसतं, ते मीटरभर जाडीचं शोषण तिथे आपसूक रचलेलं होतं.

महिनाभरात गाडी भरली. परवा फोन आला, "काका, खोली पुन्हा बोंबलते. तुमच्याकडे जुन्या गाद्या असन का?"