लाउटरब्रुनेन आणि परिसरातील प्रेक्षणीय स्थळे

लाउटरब्रुनेन हे स्वित्झर्लंडच्या बर्न कँटनमधील (प्रांतातील), आल्प्स पर्वताच्या बर्नीज ओबरलँड भागातले खेडे आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारे 800 मी. इंटरलाकेन ओस्ट स्थानकाहून रेल्वेने वीस मिनिटांत गावात पोचता येते. व्हेंगेन, म्युरेन, गिमेलवाल्ड, श्टेखेलबेर्ग आणि इझेनफ्लू ही आजूबाजूची गावे याच ग्रामपंचायतीत मोडतात. आयगर (3,967 मी.), म्योंख (सु. 4,110 मी.) आणि युंगफ्राउ (4,158 मी.) ही शिखरे खोऱ्याच्या पूर्व अंगाला उभी आहेत. बहुतेक पर्यटक या गावात गाडी बदलतात आणि थेट बर्फाकडे निघून जातात. ‘युरोप दहा दिवसांत’ छापाच्या सहलींना तेवढीच सवड असते हे खरे, पण या खोऱ्याची खरी श्रीमंती तळाशी आणि मागच्या टोकाला आहे.

खोऱ्याची घडण : हिमयुगात इथून सरकणाऱ्या हिमनदीने चुनखडीचा डोंगर खरवडत नेला आणि यू आकाराची दरी कोरली. तळ जेमतेम किलोमीटरभर रुंद आणि सपाट, तर दोन्ही बाजूंना शेकडो मीटरचे उभे कडे. मुख्य हिमनदी जितकी खोल गेली तितक्या बाजूच्या लहान हिमनद्या जाऊ शकल्या नाहीत. बर्फ ओसरल्यावर त्यांच्या दऱ्या कड्याच्या वरच्या काठाशीच लोंबत राहिल्या आणि त्यांतले ओढे सरळ खाली कोसळू लागले. खोऱ्यात 72 धबधबे असल्याचे सांगितले जाते. आकडा लोकप्रिय आहे, पण मोठ्या पावसानंतर मोजायला बसले तर तो सहज वाढतो. खोऱ्याची नदी व्हाइसे (पांढरी) ल्युचिने. हिमनदीखाली दळल्या गेलेल्या दगडाच्या भुकटीने तिचे पाणी दुधट दिसते. पुढे त्स्वायल्युचिनेन येथे ग्रिंडेलवाल्डकडून येणारी काळी ल्युचिने तिला मिळते आणि एकत्र प्रवाह ब्रिएन्झ सरोवरात जातो.

श्टाउबबाख धबधबा : गावाच्या अगदी डोक्यावर, 297 मी. उंचीवरून पडणारी ही धार स्वित्झर्लंडमधल्या सर्वांत उंच धबधब्यांपैकी एक आहे. कडा किंचित पुढे झुकलेला असल्याने पाणी खडकाला न टेकता हवेतून उतरते, वाटेत फुटते आणि तुषार होऊन वाऱ्याबरोबर इकडेतिकडे भरकटते. उन्हाळ्यात दुपारी वारा सुटला की खाली उभ्या माणसाच्या अंगावर नुसती ओलसर भुरभुर येते, धार अशी उरतच नाही. कड्यात खोदलेल्या छोट्या बोगद्यातून आणि पायऱ्यांवरून धबधब्याच्या मागे जाता येते. तिथून पाण्याच्या पडद्यातून चर्चचा मनोरा आणि कुरणे दिसतात. वाट निसरडी असते आणि हिवाळ्यात ती बंद ठेवतात, कारण वर साठलेल्या बर्फाचे सुळे तुटून पडतात.

जर्मन कवी गटे ऑक्टोबर 1779 मध्ये इथे आला, गावच्या पाद्र्याच्या घरी उतरला आणि या धबधब्यावरून त्याला माणसाच्या आत्म्याची पाण्याशी तुलना करणारी कविता सुचली. 1816 मध्ये आलेल्या बायरनला तीच धार बायबलमधल्या मृत्यूच्या फिकट घोड्याच्या शेपटीसारखी वाटली. त्याआधी 1770 च्या दशकात कास्पार व्होल्फ या स्विस चित्रकाराने खोऱ्याची चित्रे काढून ठेवली होती. पर्यटन हा या गावाचा धंदा झाला तो अशा कवी-चित्रकारांच्या पाठोपाठ. तोवर शहरी माणसाच्या लेखी डोंगर म्हणजे ओलांडायची अडचण होती.

ट्र्युमेलबाख : गाव आणि श्टेखेलबेर्ग यांच्या मध्ये, डोंगराच्या पोटात हे दहा धबधबे आहेत. आयगर, म्योंख आणि युंगफ्राउ यांच्या या बाजूच्या हिमनद्यांचे वितळलेले पाणी हा एकटा ओढा वाहून आणतो. भर उन्हाळ्यात सेकंदाला 20,000 लिटरपर्यंत पाणी यातून जाते आणि वर्षाकाठी 20,000 टनांहून अधिक दगडगोटे खाली येतात. या गोट्यांनीच खडक घासून त्यात नागमोडी घळ कोरली आहे. बाहेरून डोंगराच्या फटीत थोडा फेस दिसतो, बाकी काहीच नाही. डोंगरातून तिरक्या वर जाणाऱ्या लिफ्टने चढायचे आणि मग पायऱ्यांनी धबधबे पाहत खाली यायचे. आत दिव्यांच्या उजेडात खडकाचे गुळगुळीत रांजणखळगे दिसतात. पाणी एका खळग्यात गरगर फिरून दुसऱ्यात उडी घेते, कठडा हाताखाली थरथरतो आणि शेजारच्या माणसाशी बोलायचे तर कानाशी ओरडावे लागते. चार वर्षांखालील मुलांना आत सोडत नाहीत आणि हिवाळ्यात जागा बंद असते. खोऱ्यात एकच ठिकाण पाहायला वेळ असेल तर ते हे पाहावे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. युंगफ्राउयोख या रेल्वेने गाठायच्या बर्फाळ खिंडीच्या तुलनेत त्याचे तिकीट अगदीच किरकोळ आहे, हेही सांगायला हवे.

आपल्याकडे धबधबा म्हटले की आषाढ-श्रावण. इथे मात्र पाणी पावसाइतकेच बर्फ वितळण्यावर अवलंबून असते. म्हणून मे अखेरपासून जुलैपर्यंत धबधबे भरलेले असतात आणि शरदात बारीक होत जातात.

खोऱ्याचे मागचे टोक : श्टेखेलबेर्गला डांबरी रस्ता संपतो आणि पायवाट सुरू होते. ट्राख्सेललाउएनेन या वस्तीपाशी शिसे आणि चांदीच्या जुन्या खाणींचे व भट्टीचे अवशेष झाडीत उभे आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे काम थांबले. पुढची चढण ओबरश्टाइनबेर्गला नेते. तिथल्या जुन्या डोंगरी विश्रामगृहात वीज नाही, रात्री मेणबत्तीच्या उजेडात वावरावे लागते. समोर हिमनदीच्या वितळत्या पाण्याचा श्माद्रीबाख धबधबा कोसळतो. योझेफ आंटोन कोख या चित्रकाराने त्याचे काढलेले भव्य चित्र म्युनिकच्या नोये पिनाकोथेक संग्रहालयाच्या मालकीचे आहे. चित्रातली वितळती हिमनदी आणि आजची यांत पडलेला फरक डोळ्यांना दिसतो. हा सारा भाग युंगफ्राउ-आलेच जागतिक वारसाक्षेत्रात येतो. आल्प्समधले पहिले नैसर्गिक वारसास्थळ म्हणून युनेस्कोने 2001 मध्ये त्याची नोंद केली आणि 2007 मध्ये सीमा वाढवल्या. इथे जायला चांगले बूट आणि अख्खा दिवस लागतो, त्यामुळे गर्दी नसते.

लोक आणि इतिहास : मध्ययुगात खोऱ्यावर इंटरलाकेनच्या ऑगस्टिनियन मठाची सत्ता हळूहळू पसरली. तेराव्या-चौदाव्या शतकात दक्षिणेकडच्या लोचेनटाल खोऱ्यातून जर्मनभाषी वाल्सर लोक हिमाच्छादित खिंडी ओलांडून इकडे आले आणि गिमेलवाल्ड, म्युरेनसारख्या उंच जागांवर त्यांनी वस्त्या केल्या. तळाची चांगली जमीन आधीच इतरांच्या ताब्यात होती, उंचावर तग धरण्याची हातोटी या लोकांकडे होती. लाउटरब्रुनेनच्या चर्चपाशी एक जुनी घंटा जपून ठेवली आहे. वाल्सरांनी ती हिमनदीवरून खांद्यावर वाहून आणली, अशी परंपरा आहे. 1528 मध्ये बर्नने धर्मसुधारणेचा (प्रोटेस्टंट पंथाचा) स्वीकार करून मठ बरखास्त केला, तेव्हा ओबरलँडच्या शेतकऱ्यांनी बंड केले. मठाची देणी सुटतील ही त्यांची आशा होती, पण ती बर्नकडे वळती झाली. बंड त्याच वर्षी मोडले गेले.

शेतकऱ्यांच्या जुन्या घरांतली अवजारे, लेस विणण्याचे साहित्य आणि गिर्यारोहणाचा सरंजाम गावातल्या खोरे-संग्रहालयात पाहायला मिळतो. हे संग्रहालय एका जुन्या पाणचक्कीच्या इमारतीत आहे. उन्हाळ्यात गुरे उंच कुरणांवर नेऊन तिथेच चीज करण्याची रीत अजून चालू आहे. पायवाटांवर गाई दिसण्याआधी त्यांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू येतात.

गावाच्या खालच्या अंगाला, त्स्वायल्युचिनेनच्या वाटेवर, कड्याखाली एक शिळा आहे. रोटेनफ्लूच्या सरदाराला त्याच्या भावाने इथे ठार केले, असे तिच्यावरचा लेख सांगतो. तिला ‘दुष्ट दगड’ म्हणतात. कथा दंतकथेच्याच पातळीवरची आहे, पण जुन्या प्रवाशांनी ती आवडीने नोंदवली.

रेल्वे आणि कड्यावरची गावे : कड्यांनी जे तोडले ते एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रुळांनी जोडले. 1890 मध्ये इंटरलाकेनची गाडी लाउटरब्रुनेनला पोचली, 1891 मध्ये म्युरेनचा मार्ग झाला आणि 1893 मध्ये व्हेंगेनवरून क्लायने शायडेक खिंड (2,061 मी.) ओलांडून ग्रिंडेलवाल्डला उतरणारी व्हेंगर्नआल्प रेल्वे सुरू झाली. दातेरी रुळावर चालणारी ही सुमारे 19 किमी.ची लाइन आपल्या प्रकारात जगातली सर्वांत लांब मानली जाते. गावच्या स्थानकात उभे राहिले की दोन वेगवेगळ्या रुंदीचे रूळ आणि वर जाणारा रज्जुमार्ग एकाच नजरेत मावतो.

व्हेंगेन (1,274 मी.) पूर्वेच्या आणि म्युरेन (1,638 मी.) पश्चिमेच्या कड्यावर आहे. दोन्ही गावांत मोटार नेता येत नाही. गाडी खाली ठेवून रेल्वेने किंवा रोप-वेने वर जावे लागते. म्युरेनच्या एकुलत्या लांब रस्त्यावरून समोर आयगर-म्योंख-युंगफ्राउची रांग इतकी जवळ वाटते की मधली दरी विसरायला होते. आधुनिक स्कीइंगच्या इतिहासात या गावाला मान आहे. आर्नल्ड लन या इंग्रजाने 1922 मध्ये इथे आधुनिक स्लॅलम (खुणेच्या काठ्यांमधून वळणे घेत उतरण्याची) शर्यत भरवली आणि 1931 ची पहिली आल्पाइन स्कीइंग जागतिक स्पर्धाही इथेच झाली. व्हेंगेनच्या वर 1930 पासून होणारी लाउबरहोर्न शर्यत सुमारे 4.4 किमी. लांबीची आहे आणि विश्वचषक मालिकेतली ती सर्वांत लांब उतार-शर्यत आहे.

म्युरेनच्या वरचे शिल्टहोर्न शिखर (2,970 मी.) फिरत्या उपाहारगृहासाठी प्रसिद्ध आहे. 1969 च्या जेम्स बाँडपटाचे चित्रीकरण तिथे झाले. चित्रपटातले ‘पित्स ग्लोरिया’ हे नाव उपाहारगृहाने पुढेही ठेवले. आकाश स्वच्छ असेल तरच वर जावे, नाहीतर बाँडचे प्रदर्शन पाहून परत फिरावे लागते.

युंगफ्राउयोख : झ्युरिचचे उद्योगपती आडोल्फ गुयर-त्सेलर यांनी आयगर आणि म्योंख यांच्या पोटातून रेल्वे नेण्याची कल्पना मांडली. 1896 मध्ये खोदकाम सुरू झाले, 1899 मध्ये ते वारले आणि 1912 मध्ये गाडी 3,454 मी.वरच्या खिंडीत पोचली. मूळ बेत थेट शिखरापर्यंत जाण्याचा होता, पण खर्च आवाक्याबाहेर गेला. मजूर बहुतांशी इटालियन होते. 9 किमी.हून थोड्या जास्त मार्गापैकी 7 किमी.हून अधिक बोगदा आहे. वर आलेच हिमनदीचा, म्हणजे आल्प्समधल्या सर्वांत लांब हिमनदीचा, उगमाकडचा विस्तार दिसतो. शेजारच्या खडकावर स्फिंक्स वेधशाळा आहे. 2020 पासून ग्रिंडेलवाल्डहून आयगरग्लेचर स्थानकापर्यंत थेट रोप-वे झाल्याने गर्दीचा एक भाग तिकडे वळला. भारतीय पर्यटक इथे फार मोठ्या संख्येने येतात, त्यात महाराष्ट्रातल्या सहल-कंपन्यांचे गटही असतात. हिंदी चित्रपटांतून स्वित्झर्लंड घराघरांत नेणारे यश चोप्रा यांचा पुतळा इंटरलाकेनला आहे. या उंचीवर हवा विरळ असते. गाडीतून उतरल्या उतरल्या धावपळ केली तर दम लागतो आणि डोके दुखू लागते. हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

गर्दीचा ताण खालच्या गावावरही पडतो. समाजमाध्यमांवरच्या श्टाउबबाखच्या छायाचित्रांनंतर लहानशा रस्त्यावर मोटारींची रांग लागू लागली. दिवसापुरत्या येणाऱ्या गाड्यांकडून शुल्क घ्यावे का, याची चर्चा अलीकडे गावात झाली. कड्यांवरून पॅराशूट घेऊन उडी मारणाऱ्यांचेही हे मोठे केंद्र आहे. त्यात अनेकांचा जीव गेला आहे.

खोऱ्याच्या तोंडाशी : व्हिल्डर्सविलहून 1893 ची दातेरी रेल्वे शिनिगे प्लाटेला (1,967 मी.) चढते. वरच्या आल्पाइन उद्यानात पर्वतातल्या शेकडो वनस्पती त्यांच्या नैसर्गिक मातीत वाढवल्या आहेत. गाडीची चाल मंद आणि बाके लाकडी. व्हिल्डर्सविलजवळच उनश्पुनेन किल्ल्याचे भग्नावशेष आहेत. बर्न शहर आणि ओबरलँडचे डोंगरी लोक यांच्यातली तेढ मिटावी म्हणून 1805 मध्ये किल्ल्याखालच्या कुरणावर मेंढपाळांचा उत्सव भरवला गेला. कुस्ती, आल्पहोर्न (लांब लाकडी शिंग) वादन आणि जड दगड फेकणे ही त्याची मुख्य आकर्षणे. उत्सवात फेकतात तो उनश्पुनेन दगड 83.5 किलोचा. 1984 मध्ये जुरा प्रांताच्या फुटीरवादी तरुणांनी तो संग्रहालयातून पळवला आणि 2001 मध्ये त्यावर युरोपीय संघाचे बारा तारे कोरून परत केला. कोरल्याने त्याचे वजन घटले होते, म्हणून तो खेळातून बाद ठरला. 2005 मध्ये तो पुन्हा चोरीला गेला. स्पर्धेत आता त्याची प्रतिकृती फेकतात.