खातंय, पितंय, मग आजारी कसलं?

शिवाजी पेठेतल्या आमच्या घरी बाळ्या आहे. वय ११ वर्षं, वजन १२ किलो, जात विचाराल तर पॉमेरेनियनच्या पाव्हण्यातली कुठलीतरी. गेल्या मे महिन्यात तो रात्री दोनला उठून दार खरवडायला लागला. बाहेर सोडला की अंगणातल्या तुळशीपाशी मिनिटभर उभा, आत आला की सरळ पाण्याच्या भांड्यात तोंड. दिवसा धापा टाकायचा. जेवणाचं ताट तर असं चाटायचा की घासायचं काम उरायचं नाही. मी म्हटलं, डॉक्टरांना दाखवू. आई म्हणाली, "खातंय की चांगलं, पितंय की पाणी, त्याला काय धाड भरलीया? वय झालंय त्याचं."

आईचं काही चुकलं नव्हतं. आपल्याकडे आजारी जनावर ओळखायची एकच खूण पिढ्यान् पिढ्या चालत आलीय, त्यानं वैरण सोडली की समजायचं. म्हैस असो नाहीतर कुत्रं. पण म्हाताऱ्या कुत्र्यांना होणारा एक आजार असा आहे की त्यात जनावर खाणं सोडत नाही, उलट दुप्पट खातं. त्याचं नाव कुशिंग. शरीरात कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक महिनोन् महिने गरजेपेक्षा जास्त तयार होत राहणं, एवढंच त्याचं मूळ.

कॉर्टिसॉल वाईट नाही, त्याच्याशिवाय जगताच येत नाही. दोन्ही मूत्रपिंडांच्या टोकाशी अ‍ॅड्रिनल नावाच्या दोन लहानशा ग्रंथी असतात, त्यांच्या सालीत ते तयार होतं. संकट आलं की ते रक्तात साखर पुरवतं, रक्तदाब सांभाळतं, सूज आवरतं. किती करायचं याचा हुकूम मात्र वरून येतो. मेंदूच्या तळाशी वाटाण्याहूनही लहान पिट्युटरी ग्रंथी असते. ती एसीटीएच हे संप्रेरक रक्तात सोडते आणि ते पोचलं की अ‍ॅड्रिनल कामाला लागतात.

आणि पुरे झालं हे कोण सांगतं? कोल्हापूरकराला हे समजवायला राधानगरी पुरेशी आहे. जुलै-ऑगस्टमध्ये आपण सगळे धरणाचे किती दरवाजे उघडले ते मोजत बसतो. ते स्वयंचलित आहेत, पाणी ठरलेल्या पातळीला आलं की आपोआप उघडतात, उतरलं की मिटतात. पातळीच दरवाजाला हुकूम देते. शरीरातही तसंच, फक्त दिशा उलटी. तिथं पाणी बाहेर सोडतात, इथं येणारा पुरवठा थांबतो. रक्तात कॉर्टिसॉल वाढलं की तेच पिट्युटरीला गप्प करतं. कुशिंगच्या शंभर कुत्र्यांपैकी साधारण ८० ते ८५ जणांत पिट्युटरीवर एक गाठ झालेली असते, बहुतेक वेळा अगदी बारीक आणि कर्करोगाची नसलेली. तिला पातळी कळत नाही. ती हुकूम सोडतच राहते. उरलेल्यांत गाठ थेट अ‍ॅड्रिनलवर असते, आणि त्यातल्या बऱ्याच कर्करोगाच्या निघतात.

हार्वे कुशिंग हे अमेरिकन मेंदू शल्यविशारद. माणसातल्या या आजाराचा पिट्युटरीशी असलेला संबंध त्यांनी १९३२ मध्ये मांडला. पण त्याच्या बरंच आधी, १९१० च्या सुमारास, त्यांनी आणि सहकाऱ्यांनी पिट्युटरी काढून टाकली तर काय होतं हे पाहिलं होतं ते कुत्र्यांवरच. म्हणजे ज्या आजाराला त्यांचं नाव मिळालं, त्याची विद्या कुत्र्यांच्या जिवावर आलेली आहे. बाळ्याला गोळी भरवताना मला हे दर वेळी आठवतं.

आता पाण्याकडे येऊ, कारण घरच्या घरी करता येईल अशी पहिली तपासणी तीच. मूत्रपिंडाला पाणी राखून ठेवायला सांगणारं वेगळं संप्रेरक असतं. जादा कॉर्टिसॉल त्याच्या कामात खोडा घालतं. मग लघवी पाण्यासारखी आणि भरपूर होते, आणि तेवढं पाणी भरून काढायला कुत्रं पीत राहतं. आधी तहान लागते असं आपल्याला वाटतं, पण क्रम बहुधा उलटा असतो. दिवसाला किलोमागे १०० मिलिलिटरपेक्षा जास्त पाणी म्हणजे दखल घ्यायची वेळ. बाळ्यासाठी हा आकडा १ लिटर २०० मिलिलिटर. मी सकाळी मोजून पाणी ठेवायचो आणि दुसऱ्या सकाळी उरलेलं मोजायचो. तीन दिवसांत एकदाही पावणेदोन लिटरच्या खाली आलं नाही. मे महिना होता हे खरं, पण उन्हाळ्यानं एवढा फरक पडत नाही. रात्री घाण करतो म्हणून संध्याकाळनंतर पाण्याचं भांडं उचलून ठेवणारी माणसं मला माहीत आहेत. कृपा करून असं करू नका, त्याची लघवी थांबत नाही, ते फक्त कोरडं पडतं.

बाकीच्या खुणा मग एकेक दिसायला लागल्या, म्हणजे होत्याच, मी आता बघत होतो. कॉर्टिसॉल स्नायूंमधली प्रथिनं मोडून त्यांची साखर करतं. मागचे पाय बारीक होतात, सोफ्यावर उडी मारता येत नाही. पोटाचे स्नायू सैल पडतात, आत यकृत सुजतं, चरबी पोटात साठते, आणि कुत्रं घागरीसारखं दिसतं. खासबागेतल्या पैलवानाचंही पोट असतं, पण त्याच्या मांड्या बघा आणि बाळ्याच्या बघा. दोन्ही कुशींवरचे केस सारख्या जागी विरळ झाले होते, खाज मात्र नव्हती. पोटाची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी, आतल्या शिरा दिसाव्यात अशी.

तरी यावरून निदान होत नाही. मधुमेहात, मूत्रपिंडाच्या आजारात, मादीच्या गर्भाशयात पू झाला तरीही तहान वाढते, आणि शेवटचं तर तातडीचं असतं. आमच्या डॉक्टरांनी आधी रक्त आणि लघवी तपासली. मग डेक्सामेथासोनची चाचणी. हे बाहेरून दिलेलं कॉर्टिसॉलसारखंच औषध. ते टोचल्यावर निरोगी कुत्र्याचं स्वतःचं कॉर्टिसॉल खाली जातं आणि आठ तासांनीही खालीच असतं. बाळ्याचं नव्हतं. म्हणजे पातळी वाढवून बघायची आणि हुकूम थांबतोय का ते पाहायचं. सोनोग्राफीत दोन्ही अ‍ॅड्रिनल फुगलेल्या दिसल्या, म्हणजे दोष पिट्युटरीत. एकाच ग्रंथीवर गाठ असती तर दुसरी सुकून गेलेली दिसली असती, कारण वरचा हुकूम बंद पडतो आणि तिला काम उरत नाही. कुत्रं दुसऱ्या कशानं फार आजारी असताना मात्र ही चाचणी करू नये, आजारपणाचा ताणच कॉर्टिसॉल वाढवतो आणि आकडे फसवतात.

एक प्रश्न डॉक्टरांनी सुरुवातीलाच विचारला होता, "अहो, ह्याला खाजेसाठी गोळ्या चालू होत्या का?" प्रेडनिसोलोनसारखी स्टेरॉइडं म्हणजे कॉर्टिसॉलचीच भावंडं. ती महिनोन् महिने दिली तर गाठ नसतानाही हुबेहूब हाच आजार होतो, आणि कानात घालायचे थेंब किंवा माणसाची मलमं रोज वापरली तरी होऊ शकतो. अशा वेळी घाबरून गोळी एकदम बंद करणं हे आजारापेक्षा वाईट. तोवर कुत्र्याच्या स्वतःच्या अ‍ॅड्रिनल झोपलेल्या असतात. डोस डॉक्टरांच्या सांगण्यानुसार हळूहळूच उतरवायचा.

पिट्युटरीची गाठ शस्त्रक्रियेनं काढणारी ठिकाणं जगात मोजकीच आहेत, नेदरलँड्समधलं उट्रेख्त विद्यापीठ त्यातलं एक. आपल्यासाठी उपाय म्हणजे ट्रायलोस्टेन. ते गाठीला हात लावत नाही. अ‍ॅड्रिनलमध्ये कॉर्टिसॉल बनवणारं एक विकर अडवतं. म्हणजे हुकूम सुटतच राहतात, कारखाना मंदावतो. आजार जात नाही, आटोक्यात राहतो, आणि औषध बहुधा जन्मभर. कॅप्सूल जेवणाबरोबरच द्यायची, रिकाम्या पोटी ती नीट शोषली जात नाही. ती उघडायची नाही, आणि घरात गरोदर बाई असेल तर तिनं हाताळू नये. दहा-बारा दिवसांनी, मग महिन्यानं, मग दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं. खर्च आहे, आणि तो सुरुवातीलाच विचारून घ्यावा, लाजू नये.

तहान दोन-तीन आठवड्यांत उतरली. केसांना चार महिने लागले. पण एक गोष्ट मला आधी कुणी सांगितली नव्हती. बाळ्या लंगडायला लागला. त्याचे सांधे आधीच झिजलेले होते, आणि जादा कॉर्टिसॉल इतके दिवस त्यांची सूज झाकत होतं. ते उतरल्यावर दुखणं उघडं पडलं. शहाबादी फरशीवर पाय घसरायचे म्हणून आईनं जुन्या गोधड्या अंथरल्या. रंकाळ्याची फेरी ऊन चढायच्या आत आणि निम्मीच. दुखण्याच्या गोळ्या आपल्या मनानं द्यायच्या नाहीत, माणसाच्या तर मुळीच नाहीत.

सगळ्यात अवघड गेला रविवार. कोल्हापुरात रविवारी घरात मटण शिजतं आणि कुत्रं दारात बसून लाळ गाळतं. कुशिंगच्या कुत्र्यांच्या रक्तात चरबी वाढलेली असते, त्यात तेलकट खाणं म्हणजे स्वादुपिंडाच्या सुजेला निमंत्रण. शिवाय रश्शातला कांदा-लसूण कुठल्याही कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतो. तांबडा नाही, पांढराही नाही. बिनमिठाचं उकडलेलं चिकन त्याला वेगळं काढायचं ठरलं. वडिलांचा हात तरी ताटाखाली जायचाच, त्यावरून घरात दोनदा वाजलं.

गेल्या महिन्यात आईचा फोन ऑफिसात आला. "आज भाकरीला तोंड लावलं नाही बघ त्यानं. गोळी देऊ का?"

"देऊ नकोस. उलटी झाली का?"

"नाही. पण गप पडलंय."

औषध जास्त लागू पडलं तर कॉर्टिसॉल गरजेच्याही खाली जातं. मग कुत्रं खाणं सोडतं, उलट्या-जुलाब होतात, मलूल पडतं, वेळेत उपचार झाले नाहीत तर जातं. म्हणून या आजारात अन्न नाकारणं ही गोळी थांबवून डॉक्टरांना फोन करायची खूण. तासाभरात आम्ही दवाखान्यात होतो. रक्तातलं सोडियम कमी आणि पोटॅशियम जास्त झालंय का ते तपासलं, दोन्ही ठीक निघाली. कॉर्टिसॉलही ठीक. संध्याकाळी शेजारच्या काकूंनी विचारलं, सकाळी त्यांच्या ओट्यावरचा दहीभात कुणी संपवला.