बाहेर पडायची वाट एकच का?

कोड रिव्ह्यूत, म्हणजे एकमेकांचा कोड तपासताना, ‘इफच्या (अटीच्या) आत किती इफ?’ यावरून वाद पेटला की शेवटी तो एका जुन्या नियमापाशी येतो: फंक्शनमधून (कोडच्या एका नाव दिलेल्या तुकड्यातून) रिटर्न, म्हणजे उत्तर घेऊन बाहेर पडणं, एकदाच, तोही तळाशी. पणजी-पर्वरीच्या ऑफिसांत रुजू होणारी मुलं अजूनही हा नियम कॉलेजातून घेऊन येतात.

आणि, किंवा, नाही यांचं बीजगणित 1847 ते 1854 दरम्यान मांडलं गेलं. पण 1957 च्या फोरट्रान या प्रोग्रामिंग भाषेतला इफ तर खरं-खोटं विचारतच नव्हता. उत्तर ऋण, शून्य की धन, यावरून तो तीनपैकी एका ओळीवर उडी मारायचा. अशा उड्यांना कंटाळूनच पुढे स्ट्रक्चर्ड प्रोग्रामिंग, म्हणजे उड्या टाळून नीट गटांत कोड लिहायची पद्धत, आलं आणि ‘आत एका वाटेनं, बाहेर एका वाटेनं’ हा दंडक पडला.

गोंधळ इथेच झाला. त्या काळी सबरूटीनमध्ये (फंक्शनसारख्याच तुकड्यात) मधूनच शिरता यायचं, आणि जिथून बोलावलं तिथे न जाता भलत्याच ठिकाणी परतताही यायचं. ‘बाहेर एका वाटेनं’ म्हणजे परतायचं ठिकाण एक. पुढच्या पिढीनं त्याचा अर्थ ‘रिटर्न शब्द एकदाच’ असा घेतला. सी भाषेत त्याला आधारही होता: मेमरी, फाइल सोडायचं काम तळाशी एकत्र करता येई. वाहनांच्या सॉफ्टवेअरसाठीच्या सी नियमावलीत 2004 साली हा नियम आवश्यक होता. 2012 च्या आवृत्तीत तो सल्ल्यापुरता उरला. तरी परीक्षेत यासाठी गुण कापले जातात, आणि मला ते अन्यायाचं वाटतं.

म्हापशाला भाड्यानं स्कूटर देणारा काय करतो बघा. लायसन नाही? गाडी नाही. डिपॉझिट नाही? गाडी नाही. पुढचं तो विचारतच नाही. हाच गार्ड क्लॉज: अट मोडली की तिथूनच लगेच रिटर्न. तेच एका रिटर्नच्या हट्टानं लिहिलं की तीन पायऱ्या आत गेलेले कंस मिळतात, नाहीतर हे (`!` म्हणजे नाही, `||` म्हणजे किंवा):

!(वय < 18 || !लायसन)

नकार आत ढकलला की ‘किंवा’चं ‘आणि’ होतं, तुलना उलटते आणि दोन नकार एकमेकांना खातात:

वय >= 18 && लायसन

बदलताना `<` चं `>=` करायचं, नुसतं `>` नाही. नाहीतर बरोबर 18 वर्षांचं गिऱ्हाईक तिथेच अडकतं.