तत्त्वज्ञानाची नेट: अर्जाआधी जातीचा दाखला काढून नीट वाचा

तत्त्वज्ञानात एम. ए. करणाऱ्यांच्या शेजारी बसून मी नेटचे, म्हणजे सहायक प्राध्यापकपदाच्या आणि जेआरएफ या संशोधनवृत्तीच्या पात्रता परीक्षेचे, अर्ज भरून घेते. नोंदणी, फोटो, सही, फी यात कुणी अडत नाही. अडतात ते ओबीसीच्या दाखल्यापाशी.

एका मुलीनं प्लास्टिकच्या कव्हरात जपलेलं नॉन-क्रिमिलेअर (ओबीसीतल्या उन्नत गटात मोडत नसल्याचा दाखला) माझ्यापुढे ठेवलं. मुदत शिल्लक होती, शिक्का ठळक होता, पण नमुना राज्याचा. नेट केंद्राची परीक्षा. दाखला केंद्राच्या नमुन्यातलाच लागतो आणि जात केंद्राच्या यादीत असावी लागते. एकाच घराला दोन कागद कशाला, हे मला आजवर पटलेलं नाही. पण हेलपाटा मुलांनाच पडतो, म्हणून सेतू केंद्रात अर्ज देतानाच 'केंद्रासाठी' असं स्पष्ट सांगा. नॉन-क्रिमिलेअरला उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ८ लाख. पालकांचा पगार आणि शेतीचं उत्पन्न त्यात धरत नाहीत, नोकरदारांना पदाचा निकष वेगळा आहे. हे माहीत नसल्यानं कित्येक शेतकऱ्यांची मुलं अर्जच करत नाहीत.

भटके-विमुक्त आणि विशेष मागास हे प्रवर्ग केंद्राच्या अर्जात नाहीत. आपली जात केंद्राच्या यादीत कुठे आहे ते पाहा. मराठा समाजाचं एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) प्रमाणपत्रही इथे चालत नाही. निकषात बसत असाल तर ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला) काढा, मात्र त्यावर गुणांची किंवा वयाची सवलत मिळत नाही.

गुणांची अट ५५ टक्के; ओबीसी नॉन-क्रिमिलेअर, एससी, एसटी, दिव्यांग आणि तृतीयपंथी उमेदवारांना ५०. ५४.९ म्हणजे ५५ नव्हे, पूर्णांक करत नाहीत. शेवटच्या वर्षाला असाल तरी अर्ज करता येतो. जेआरएफला वय ३० पर्यंत. मुलींना, कुठल्याही प्रवर्गातल्या असोत, ५ वर्षांची सूट आहे. सहायक प्राध्यापकपदाच्या पात्रतेला वयाची अट नाही. तिशी उलटली म्हणून घरी बसू नका.

विषय निवडताना घाई नको. तत्त्वज्ञान, धर्मांचा तौलनिक अभ्यास, भारतीय संस्कृती आणि बौद्ध-जैन-गांधीवादी व शांतता अभ्यास हे चार वेगळे विषय आहेत, अभ्यासक्रमही वेगळे. ज्यात एम. ए. केलंत तोच घ्या.

आणखी एक. प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीतच असते. मराठीतून 'अनुमान', 'व्याप्ती' अशा भारतीय तर्कशास्त्रातल्या संज्ञा शिकलेल्यांना हिंदी जवळची वाटते, पण कांट-ह्यूम या पाश्चात्त्य तत्त्वज्ञांच्या संज्ञा हिंदीत ओळखू येत नाहीत. अर्जात माध्यमावर खूण करण्याआधी दोन्ही भाषांतली एकेक जुनी प्रश्नपत्रिका सोडवून पाहा.