कोलंबियाच्या मुखावरचे चिनुक : मासा, होडी आणि एक न झालेला करार

चिनुक हे नाव मराठी वाचकाच्या कानावर पडले ते बहुधा हेलिकॉप्टरमुळे. मार्च 2019 मध्ये चंडीगडच्या तळावर दोन पंख्यांची ही अवजड हेलिकॉप्टरे भारतीय हवाई दलात दाखल झाली. आपल्या हेलिकॉप्टरांना मूळनिवासी जमातींची नावे देण्याची अमेरिकी लष्कराची पद्धत आहे, त्यातून हे नाव आले. रॉकी पर्वताकडून वाहणारा कोरडा उबदार वारा चिनुक आणि सॅल्मन माशांतली सर्वांत मोठी जातही चिनुकच. ज्या माणसांचे हे नाव आहे, ती आजही अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर, कोलंबिया नदीच्या मुखाजवळ राहतात. मात्र जमात म्हणून त्यांना अमेरिकेच्या केंद्र सरकारची मान्यता नाही. असे का झाले, हे समजायला आधी नदी समजून घ्यावी लागते.

कोलंबिया कॅस्केड पर्वतरांग फोडून पॅसिफिकला मिळते. पर्वताच्या समुद्राकडच्या बाजूला मुसळधार पाऊस आणि सदाची ओल, तर पलीकडे कोरडा, वाऱ्याचा मुलूख. कोकण आणि माणदेश एकाच नदीने जोडलेले असावेत, तसे. मुखाशी लोअर चिनुक, क्लॅट्सप, विलापा, वाकायकम आणि कॅथलामेट राहत. वर आजच्या पोर्टलंडच्या परिसरात मल्टनोमा आणि क्लॅकमस होते. मुखापासून सुमारे 300 किलोमीटरवर, द डॅल्स आणि सेलायलो धबधब्यापाशी वास्को आणि विश्रम. या सगळ्यांच्या भाषा एकाच चिनुकी कुळातल्या. शेजारी मात्र वेगळ्या कुळांतले : चेहेलिस आणि टिलामुक सॅलिश भाषा बोलत, विलामेट खोऱ्यातल्या कालापुयांची भाषा निराळीच.

सॅल्मन समुद्रातून नदीत शिरला की खाणे सोडतो आणि अंगातल्या चरबीवर वर पोहत जातो. म्हणून मुखाशी तो सर्वांत चरबीदार असतो. खायला उत्तम, सुकवायला अवघड : चरबी लवकर खवट होते आणि दमट हवेत मासा वाळत नाही. तिथे धुरी द्यावीच लागे, आणि तरी तो फार टिकत नसे. द डॅल्सला पोहोचेपर्यंत मासा बराच उतरलेला असे आणि घळीतला वारा दिवसरात्र वाहत असे. तिथला सुका सॅल्मन मिठाचा कणही न लावता वर्षानुवर्षे टिके. नदीवरचा सगळा व्यापार या एका फरकावर उभा होता.

अमेरिकी सरकारच्या शोधमोहिमेवर आलेल्या विल्यम क्लार्कने ऑक्टोबर 1805 मध्ये हे काम पाहून बारकाईने लिहून ठेवले. मासा पुरता वाळला की दोन दगडांमध्ये कुटून त्याचा भुगा करत. गवत आणि लव्हाळ्याची टोपली, साधारण दोन फूट उंच आणि एक फूट रुंद, आतून सॅल्मनच्याच ताणून वाळवलेल्या कातडीने मढवत. भुगा तिच्यात शक्य तितका घट्ट ठासत. या कामात हयगय चालत नसे, कारण आत हवा राहिली की चरबीला वास येतो आणि ओल शिरली की बुरशी धरते. तोंडावर पुन्हा कातडी घालून दोरीने आवळत. मग खाली सात टोपल्या, वर पाच, अशी बारांची थप्पी लावून ती चटयांनी गुंडाळत. एका टोपलीचे वजन 90 ते 100 पौंड भरे, म्हणजे एका थप्पीत जवळजवळ अर्धा टन अन्न.

हा माल खाली येई आणि खालून वर जाई व्हेल माशाची चरबी, वापाटो नावाचे कंद आणि डेंटेलियम हे सुळ्यासारखे पांढरे शिंपले. हे शिंपले दोरीत ओवून वावेवर मोजत, तेच नाणे. वापाटो काढणे बायकांचे काम. थंडगार पाण्यात छातीपर्यंत उभे राहून चिखलातला कंद पायाच्या बोटांनी सुटा करायचा, तो तरंगत वर आला की सोबतच्या छोट्या होडीत टाकायचा. राखेत भाजला की तो बटाट्यासारखा लागतो.

वाहतूक होडीने. लाल देवदाराच्या एका खोडातून ती कोरत. आधी बाहेरचा आकार, मग आतला गाभा. जाडी सगळीकडे सारखी राहावी म्हणून बाहेरून भोके पाडून ठरावीक लांबीच्या खुंट्या ठोकत. आतून वाकसाने तासताना खुंटीचे टोक दिसले की तिथे थांबायचे. पुढे होडीत पाणी भरून तापलेले दगड टाकत आणि वरून चटया झाकत. वाफेने लाकूड मऊ पडले की आडव्या काठ्या बसवत बाजू हळूहळू फाकवायच्या. बाजू फाकल्या की मधला काठ खाली बसतो आणि दोन्ही टोके उचलतात. म्हणून कसबी कारागीर तासतानाच मधला काठ मुद्दाम उंच ठेवी. हा अंदाज चुकला तर होडी मध्ये बसकी होते आणि लाट आत घेते. घाई केली, तर खोड उभे चिरते आणि कित्येक महिन्यांची मेहनत वाया जाते. मोठी होडी 50 फुटांहून लांब असे. ती आठ ते दहा हजार पौंड माल किंवा 20-30 माणसे नेई, असे त्याच मोहिमेतल्या मेरिवेदर लुईसने नोंदले आहे.

मुक्त घरात जन्मलेल्या बाळाचे कपाळ पाळण्याच्या फळीने दाबून चपटे करत. गुलामांच्या मुलांना ते करू देत नसत, म्हणजे ती दर्जाची खूण होती. चिनुक समाजात गुलामी होती, हे लपवण्याचे कारण नाही. ‘फ्लॅटहेड’ म्हणून ओळखले जाणारे मोंटानाचे लोक मात्र वेगळे. ते डोकी चपटी करत नसत.

इतक्या भाषांच्या बाजारात बोलायचे कसे? चिनुक भाषा स्वतः अवघड आहे : व्यंजनांचे गुंते, द्विवचन, आणि कर्ता-कर्म क्रियापदाच्याच पोटात. म्हणून व्यवहारात चालली ती ‘चिनुक वावा’ ही काही शे शब्दांची सोपी बोली. ‘नाइका टिकी चक’ म्हणजे मला पाणी हवे. ‘सॉल्ट चक’ म्हणजे समुद्र. तोंडाला ‘लापुश’, हे फ्रेंचांकडून आलेले. अमेरिकन माणूस ‘बोस्टन’, कारण त्यांची जहाजे बोस्टनची. ‘टायी’ (प्रमुख) आणि ‘पॉटलॅच’ (देणे) हे शब्द व्हँकुव्हर बेटावरच्या नूटकाचे. याच नूटकाला 1786 मध्ये जेम्स स्ट्रेंजची दोन जहाजे पाणमांजराची कातडी मिळवायला आली होती, तीही मुंबईहून निघून. कातड्यांच्या त्या व्यापाराने नूटकाचे शब्द किनाराभर पसरवले.

कोलंबियाच्या मुखात पहिले अमेरिकी जहाज शिरले मे 1792 मध्ये, रॉबर्ट ग्रेचे. 1811 मध्ये तिथे कातड्यांच्या अमेरिकी व्यापाऱ्यांचा अस्टोरिया किल्ला झाला. चिनुक प्रमुख कॉमकॉमली याने आतल्या जमाती आणि गोरे व्यापारी यांच्यामधली जागा पक्की धरून ठेवली. लोअर चिनुकांना सौदा कसा करायचा हे पिढ्यान्पिढ्या माहीत होते, आणि गोऱ्यांच्या डायऱ्यांतली त्यांच्या घासाघिशीबद्दलची चिडचिड हीच त्याची पावती आहे.

घात केला रोगांनी. देवीची साथ अठराव्या शतकातच येऊन गेली होती. 1830 च्या उन्हाळ्यात हिवताप आला आणि दरवर्षी परतत राहिला. अंगात ताप असताना घाम काढायच्या खोपीत बसायचे आणि मग थेट थंड नदीत उडी घ्यायची, हा जुना उपाय या तापात जिवावर बेतत असे. खालच्या कोलंबियावर आणि विलामेट खोऱ्यात दहा वर्षांत दहांतली जवळजवळ नऊ माणसे गेली. गावेच्या गावे ओस पडली.

उरलेल्यांशी सरकार बोलायला बसले ऑगस्ट 1851 मध्ये, टॅन्सी पॉइंटला. सरकारचा मानस सगळ्यांना पर्वतापलीकडे हलवायचा होता. जमातींनी ठाम नकार दिला : पूर्वजांची थडगी आणि मासेमारीच्या जागा सोडणार नाही. अधिकारी अँसन डार्टने ते मान्य करून करार केले, पण सिनेटने त्यांना मंजुरीच दिली नाही. त्याआधीच, 1850 च्या कायद्याने, वसाहतवाल्यांना जमीन वाटप सुरू झाले होते : एकट्या पुरुषाला 320 एकर, जोडप्याला 640. 1855 मध्ये वॉशिंग्टन प्रदेशाचा गव्हर्नर स्टीव्हन्स याने पुन्हा बोलणी केली. अट होती उत्तरेला क्विनॉल्ट लोकांच्या मुलखात जाण्याची. चिनुकांनी तीही नाकारली आणि बैठक मोडली.

वरच्या नदीतले वास्को करार करून वॉर्म स्प्रिंग्जच्या राखीव क्षेत्रात गेले, विश्रम याकामाच्या, क्लॅकमस ग्रँड रोंडच्या. त्यांना मान्यता आहे. ग्रँड रोंडची 1954 मध्ये काढली आणि 1983 मध्ये परत दिली. चिनुक वावा तिथे घराघरांत बोलली गेली आणि आज मुलांना शिकवली जाते. मुखावरच्या पाच जमातींना मात्र आपली जागा न सोडल्याची किंमत मोजावी लागली. जानेवारी 2001 मध्ये त्यांना मान्यता मिळाली आणि जुलै 2002 मध्ये नव्या प्रशासनाने क्विनॉल्टांच्या आक्षेपानंतर ती फिरवली. सेलायलोचा धबधबा 10 मार्च 1957 रोजी द डॅल्स धरणाच्या पाण्याखाली गेला. मात्र तिथल्या करारबद्ध जमातींचा मासेमारीचा हक्क कायद्याने उभा आहे. मुखावरच्या चिनुकांना ज्या सॅल्मनला त्यांचेच नाव आहे तो धरायचा, तर राज्याचा साधा परवाना काढावा लागतो.