उष्णता शेवटी खोलीतच येते

इंटेलचा पहिला पेन्टियम प्रोसेसर १९९३ साली आला तेव्हा तो जेमतेम १५ वॉट वीज घेत होता. २०२२ मधला कोअर आय९-१३९००के पूर्ण जोरावर असताना २५३ वॉटपर्यंत जातो. प्रोसेसर काही उचलत नाही, काही हलवत नाही, त्यामुळे घेतलेली जवळजवळ सगळी वीज उष्णता होऊनच बाहेर पडते. तीही सुमारे २५७ चौरस मिलिमीटरच्या, म्हणजे अडीच चौरस सेंटिमीटरच्या सिलिकॉनच्या तुकड्यातून. घरातली हजार वॉटची इस्त्री घ्या. तिचा तळ साधारण २०० चौरस सेंटिमीटरचा, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरमागे ५ वॉट. प्रोसेसरमध्ये हाच आकडा शंभराच्या जवळ जातो. इस्त्री तापावी म्हणूनच बनवलेली असते. प्रोसेसर मात्र १०० अंश सेल्सियसच्या आत ठेवावा लागतो. त्या मर्यादेला टेकला की तो आपणहून वेग कमी करतो आणि व्हिडिओ एडिटिंगचं किंवा थ्रीडी रेंडरिंगचं काम रेंगाळायला लागतं.

मग माणूस लिक्विड कूलिंगकडे वळतो. पंख्याचा कूलर काढायचा, पाण्याचा बसवायचा. निर्णय पुष्कळदा योग्यही असतो. पण पाणी प्रोसेसरला ‘गार करतं’ असं मनात धरून पैसे खर्च केले तर निराशा पदरी येते. पाणी उष्णता संपवत नाही, फक्त वाहून नेतं. हवेचा कूलर असो की पाण्याचा, उष्णता शेवटी तुमच्या खोलीतल्या हवेतच येते. बदलतो तो मधला रस्ता, आणि हा रस्ता नीट कळला की कुठला कूलर घ्यायचा हे बरंचसं आपोआप ठरतं.

आधी हवेच्या कूलरकडेच नीट बघू. मोठ्या टॉवर कूलरच्या तळातून तांब्याच्या पाच-सहा नळ्या वर जातात आणि ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांच्या थप्पीत शिरतात. या नळ्या भरीव तांब्याच्या दांड्या वाटतात, पण एखादी जुनी नळी आडवी कापली तर आत पोकळी दिसते. आतल्या भिंतीवर तांब्याच्या भुकटीचा खरखरीत, सच्छिद्र थर असतो आणि त्या थरात थोडंसं पाणी मुरलेलं असतं. म्हणजे हवेच्या कूलरमध्येही पाणी आहेच! नळी बनवताना आतली हवा काढून टाकतात, त्यामुळे दाब फार कमी असतो आणि हे पाणी शंभर अंशांची वाट न बघता तीस-चाळीस अंशांनाच उकळतं. प्रोसेसरकडच्या टोकाला वाफ होते, ती वर धावते, पत्र्यांपाशी तिचं पुन्हा पाणी होतं आणि सच्छिद्र थरातून केशाकर्षणाने ते खाली परत येतं. पंप नाही, हलणारा एकही भाग नाही. एका नळीने ४० वॉट उष्णता वाहायची तर मिनिटाला अवघं एक ग्रॅम पाणी उकळावं लागतं, इतकी उष्णता वाफेत सामावते. अशी नळी जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेत तयार केली होती. त्यांच्यासमोर प्रश्न अंतराळातल्या वीजनिर्मितीचा होता. आज ती बहुतेक लॅपटॉपमध्ये सापडते. मला हे साधन फार सुंदर वाटतं, आणि ‘हवेवर चालणारा जुनाट प्रकार’ म्हणून त्याला कमी लेखू नये असं मनापासून वाटतं.

त्याला मर्यादा आहेत. वाफ ज्या वेगाने होते त्या वेगाने पाणी खाली परत आलं नाही तर नळीचं टोक कोरडं पडतं आणि ती निकामी झाल्यासारखी होते. शिवाय सगळे पत्रे प्रोसेसरच्या डोक्यावरच मावले पाहिजेत. दीडशे मिलिमीटरहून उंच, किलोभराहून जड असा तो डोलारा मदरबोर्डला लटकलेला असतो. आणखी मोठा करायला जागाच उरत नाही.

पाण्याचा खरा फायदा इथे आहे. त्याच्यामुळे उष्णता निघण्याची जागा आणि ती हवेत सोडण्याची जागा एकमेकांपासून लांब ठेवता येतात. २५३ वॉट उष्णता १० अंशांच्या तापमानवाढीत वाहून न्यायची असेल तर सेकंदाला सुमारे २१ लिटर हवा लागते. पाण्याला सेकंदाला ६ मिलिलिटर पुरतात. एवढा प्रवाह बोटभर जाडीच्या रबरी नळीतून आरामात जातो. कॅबिनेटच्या छताला तीन पंख्यांचा ३६० मिलिमीटरचा रेडिएटर, म्हणजे पाण्यातली उष्णता हवेत सोडणारी जाळी, बसवा आणि उष्णता तिथे नेऊन थेट कॅबिनेटबाहेर फेका. पृष्ठभाग मोठा झाल्यामुळे तेवढीच उष्णता टाकायला पंखे हळू फिरवले तरी चालतात. पंख्याचा वेग निम्मा केला तर आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो, आणि रात्री काम करणाऱ्याला हा फरक कानाला लगेच कळतो.

प्रोसेसरवर बसणाऱ्या ब्लॉकच्या आतही पाहण्यासारखं काही आहे. तांब्याच्या तळातून केसाएवढ्या बारीक भिंती कोरून काढलेल्या असतात आणि त्यांच्या फटींतून पाणी दाबाने जातं. फट जितकी अरुंद, तितकं पाणी तांब्याच्या जवळून वाहतं आणि उष्णता पटकन उचलतं. स्टॅनफर्ड विद्यापीठात डेव्हिड टकरमन आणि फेबियन पीझ यांनी १९८१ मध्ये थेट सिलिकॉनमध्येच अशा सूक्ष्म वाटा कोरल्या आणि त्यांतून पाणी सोडून दर चौरस सेंटिमीटरमागे ७९० वॉट उष्णता काढून दाखवली. आजच्या डेस्कटॉप प्रोसेसरच्या कितीतरी पट. आपल्या टेबलावरचा ब्लॉक त्याच कल्पनेवर चालतो.

एक गैरसमज इथेच दूर करतो. पाणी रेडिएटरमधून सावकाश गेलं तर ते जास्त गार होईल, म्हणून पंप हळू चालवावा, असं पुष्कळ जण सांगतात. तसं होत नाही. मिनिटाला एक लिटर पाणी फिरत असेल तर २५३ वॉट घेऊनही ते ब्लॉकमधून जेमतेम साडेतीन अंशांनी तापून बाहेर पडतं. सगळ्या फेऱ्यात पाण्याचं तापमान जवळपास सारखंच असतं. प्रवाह कमी केला तर ब्लॉकमधल्या पाण्याचं तापमान वाढतं, फायदा काही होत नाही. पंप एका स्थिर, पुरेशा वेगावर ठेवावा आणि कमीजास्त करायचे ते पंखे.

आता अपेक्षाभंग कुठे होतो ते सांगतो. सिलिकॉनमधून निघालेली उष्णता आधी सोल्डरच्या थरातून धातूच्या झाकणात येते, मग थर्मल पेस्टमधून कूलरच्या तळात. ही पेस्ट तांब्याच्या तुलनेत कितीतरी पटींनी मंद वाहक आहे. तिचं काम फक्त फटीतली हवा हटवणं. २५० वॉटच्या घरात या पहिल्या टप्प्यांतच वीस-तीस अंश सहज खर्च होतात. तिथे कूलर हवेचा आहे की पाण्याचा, याने काही बदलत नाही. कूलर बदलून जे वाचतं ते त्यापुढच्या टप्प्यांतलं. त्यामुळे चांगला टॉवर काढून चांगला लिक्विड कूलर लावला तर तापमान पन्नास अंशांनी कोसळणार नाही. आणि ६५ वॉटच्या प्रोसेसरवर, ऑफिसची कामं आणि ब्राउझिंग करणाऱ्याला, फरक शोधावा लागेल. अशांनी ते पैसे रॅम किंवा एसएसडीवर घालावेत असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी न ओलांडता येणारी रेषा म्हणजे खोलीचं तापमान. रेडिएटर पाण्याला खोलीतल्या हवेपेक्षा गार करू शकत नाही. मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे खोलीत ३८ अंश असतील तर हिशोब ३८ पासूनच सुरू होतो. जानेवारीत २० अंशांना घेतलेली मोजमापं तेव्हा १८ अंशांनी वर सरकतात. मग घरातला वाळ्याचा कूलर गार हवा कशी देतो? त्यात पाण्याचं बाष्पीभवन होऊन ते हवेत निघून जातं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. कॉम्प्युटरमधलं पाणी बंद नळीत फिरतं, त्याला ही सोय नाही. बर्फ किंवा चिलर लावून पाणी मुद्दाम गार केलं तर नवंच संकट उभं राहतं. पावसाळ्यात मुंबईतला दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो. त्याहून गार झालेल्या प्रत्येक भागावर, म्हणजे ब्लॉकवर आणि प्रोसेसर ज्यात बसतो त्या सॉकेटच्या भोवती, हवेतल्या बाष्पाचे थेंब धरतात.

बदल करायचाच ठरवलात तर जुना कूलर काढताना घाई करू नका. कॉम्प्युटर थोडा वेळ चालवून पेस्ट कोमट होऊ द्या, मग बंद करून, वायर काढून, कूलर हलकेच डावीउजवीकडे फिरवा आणि मगच उचला. एएमडीच्या एएम४ सॉकेटवर सरळ वर ओढलं तर पेस्टला चिकटून प्रोसेसरच सॉकेटमधून उपटून येऊ शकतो आणि त्याच्या पिना वाकू शकतात. जुनी पेस्ट आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा. नव्या ब्लॉकच्या तळावर पारदर्शक प्लास्टिक असेल तर ते सोलायला विसरू नका.

रेडिएटर शक्यतो छताला लावा. कारखान्यातूनच पाणी भरून आलेल्या बंद संचातही थोडी हवा असतेच आणि ती सर्वांत उंच जागी जमते. बहुतेक संचांत पंप ब्लॉकमध्येच असतो. रेडिएटर खाली आणि पंप वर अशी मांडणी केली तर हवा पंपात शिरते, गुळगुळ आवाज येतो आणि पंप लवकर झिजतो. रेडिएटर पुढच्या बाजूला लावावा लागला तर त्याची वरची टाकी पंपापेक्षा उंच राहील एवढं बघा. टॉवरचा पंखा जाताजाता शेजारच्या व्हीआरएमवर, म्हणजे प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागांवरही वारा घालत होता. तो गेल्यावर कॅबिनेटच्या मागच्या पंख्याने तिथे हवा खेळती ठेवायला हवी. ही गोष्ट हमखास नजरेतून सुटते.

बंद संचातलं पाणी कायम तेवढंच राहत नाही. रबराच्या भिंतीतून रेणू-रेणूने ते बाहेर झिरपतं, थेंब कुठे दिसत नाही पण काही वर्षांत पातळी उतरते. ब्लॉक तांब्याचा आणि रेडिएटर ॲल्युमिनियमचा असेल तर दोन धातूंमध्ये विद्युत-रासायनिक क्रिया होऊन ॲल्युमिनियम गंजू लागतं. ते रोखायला द्रवात ग्लायकॉल आणि गंजरोधक मिसळलेले असतात, पण त्यांचंही आयुष्य असतं. गंजाचा चिखल ब्लॉकच्या त्या बारीक फटींत साचला की प्रवाह मंदावतो. चांगल्या संचांना साधारण ५-६ वर्षांची हमी मिळते, आणि तेवढंच त्यांचं आयुष्य धरून चालावं. टॉवर कूलरचा पंखा बिघडला तर नवा पंखा लावून तोच धातू पुढची कितीतरी वर्षं वापरता येतो.

मोठ्या यंत्रांच्या जगात हा प्रश्न केव्हाच येऊन गेला. आयबीएमने १९८० मध्ये जाहीर केलेल्या ३०८१ मेनफ्रेममध्ये चिप्सच्या वर पाण्याने गार ठेवलेल्या पट्ट्या होत्या. नव्वदच्या दशकात कमी वीज खाणाऱ्या सीमॉस चिप्स आल्या आणि मेनफ्रेम पुन्हा हवेवर गेले. आता वीज परत वाढली तसं पाणीही परत आलं. राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशनखाली पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेत उभारलेल्या परम ब्रह्म या महासंगणकात पाणी थेट प्रोसेसरपर्यंत नेलेलं आहे.

घरी बदल केल्यावर तो उपयोगी पडला की नाही हे तपासताना पाच मिनिटांत निकाल लावू नका. संचातल्या पावशेरभर पाण्याला तापायलाच वेळ लागतो, म्हणून सुरुवातीचे आकडे फार गोड दिसतात. बदलाआधी आणि नंतर, तेच जड काम अर्धा तास चालू ठेवा, दोन्ही वेळा खोलीचं तापमान लिहा आणि प्रोसेसरच्या तापमानातून ते वजा करा. उरलेल्या दोन आकड्यांचीच तुलना करा. फरक पाच-सहा अंशांचाच निघाला तर पंख्यांचा वेगही बघा, आणि त्या अर्ध्या तासात प्रोसेसर किती गिगाहर्ट्झवर टिकून राहिला तेही. मर्यादेला टेकणारा प्रोसेसर मोकळी झालेली जागा वेग वाढवून लगेच भरून काढतो, म्हणून तापमान तेच राहिलं तरी रेंडर लवकर संपलेलं असतं.